समोरच्या खुर्चीतून पाहिलेली मुलाखत
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त युवक-युवती व पालकांसाठी योजलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या घराच्या तीन पिढ्या इतरांना कामावर ठेवण्यात गेल्या, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज हातात फाईल घेऊन पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या बाहेरच्या बाकावर बसलेली दिसते. गावोगावच्या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबांना हे दृश्य आता नवीन राहिलेले नाही. ज्या एका दुकानावर दोन भावांचे संसार सुखाने चालत होते, त्यावर चौघा चुलत भावंडांचे चालणे कठीण झाले आहे. मॉल आले, मोबाइलवरून खरेदी आली आणि मुलामुलींची शिक्षणेही वाढली. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण ऐकत वाढलेल्या वडीलधाऱ्यांना हा बदल पचवणे जड जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि या म्हणीने एक नुकसान केले. माल कोठून घ्यावा, उधारी कशी वसूल करावी, हे व्यापारी घरात मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु नोकरी कशी शोधावी हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते. शेजारच्या शिक्षकाच्या किंवा बँकेतील कारकुनाच्या मुलाला जे घरी बसून कळते, ते व्यापाऱ्याच्या मुलाला बाहेर ठेचा खाऊन कळते.

असे असले तरी या घरांपाशी एक ज्ञान आहे, ज्याचा उपयोग फारसा कोणी करून घेत नाही. माणूस कामावर ठेवताना ठेवणारा काय पाहतो, हे व्यापारी घराला पक्के माहीत असते. काउंटरवर नवा सेल्समन घ्यावयाचा झाला की दुकानदार त्याला चार प्रश्न विचारतो. पण त्याचे खरे लक्ष दुसरीकडेच असते. हा वेळेवर येईल काय? गिऱ्हाइकाशी नीट बोलेल काय? गल्ल्याजवळ उभा केला तर घोर तर लागणार नाही? लगीनसराई संपेपर्यंत टिकेल ना? मोठ्या कंपनीतील भरती करणारा अधिकारी, ज्याला सर्वसाधारणपणे एचआर म्हणतात, तो इंग्रजीत बोलतो आणि संगणकासमोर बसतो एवढाच फरक. त्याच्या मनातील प्रश्न हेच असतात. त्यालाही भीती असते. त्याने निवडलेला माणूस तीन महिन्यांत सोडून गेला किंवा कामाला कच्चा निघाला, तर ज्या विभागासाठी भरती केली त्या विभागाचा प्रमुख त्यालाच जाब विचारतो. उमेदवाराला वाटते, समोरचा आपल्या चुका काढण्यासाठी बसला आहे. वस्तुतः तो सकाळपासून सहा जणांशी बोलून थकलेला असतो, आणि सातवा तरी योग्य निघावा म्हणजे हा विषय संपेल, अशीच त्याची मनोमन इच्छा असते.

ही दृष्टी एकदा आली म्हणजे अर्जापासून पगाराच्या बोलणीपर्यंत पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रथम अर्जाविषयी. मराठीत 'बायोडाटा' हा एकच शब्द लग्नासाठीही चालतो आणि नोकरीसाठीही, आणि त्यामुळे मोठा गोंधळ झाला आहे. उंची, वर्ण, मामाचे गाव, वडिलांचा व्यवसाय, भावाबहिणींची लग्ने ही माहिती स्थळ पाहणाऱ्यांना शोभते. हिशेबनीस हवा असलेल्या कंपनीला तिचे काय? नोकरीच्या अर्जात नाव, दूरध्वनी, ई-मेल, शिक्षण, केलेले काम आणि येत असलेली कौशल्ये एवढेच असावे, आणि नव्या उमेदवाराचे ते एका पानात बसावे. मोठ्या कंपन्यांत हा कागद माणसाच्या आधी संगणकाची प्रणाली वाचते आणि जाहिरातीतील शब्द त्यात आहेत की नाहीत हे पाहते. जाहिरातीत 'बँक रिकन्सिलिएशन' लिहिलेले असेल आणि ते काम खरोखर येत असेल, तर तोच शब्द अर्जात असावा. रंगीत चौकटी, नक्षी, फोटो यांनी शोभा वाढते, पण प्रणालीचा मात्र गोंधळ उडतो.

आता मुख्य मुद्दा. बी.कॉम. झालेला व्यापारी घरातील मुलगा अर्जावर बिनदिक्कत 'फ्रेशर' असे लिहितो. अनुभव या रकान्यात 'निरंक'. ही माहिती खोटी आहे, आणि ती त्याच्याच तोट्याची आहे. नववीपासून जो दिवाळीच्या गर्दीत काउंटरवर उभा राहिला, जो इचलकरंजी, भिवंडी, सुरत येथून आलेल्या मालाची बिले तागे मोजून ताडून पाहतो, ज्याला टॅलीत व्हाउचर टाकता येते, जो दरमहा ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी जावे म्हणून चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात खेपा घालतो, तो मुलगा नवशिका कसा? वर्गातील पुष्कळ मुलांनी जीएसटी हा विषय केवळ पुस्तकात वाचलेला असतो. याने त्यातील नोटीस हातात धरलेली असते.

एकच उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ रोजी तयार कपड्यांवरील कराचे दर बदलले. तोवर नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा कर होता. त्या दिवसापासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. नवरात्र तोंडावर, दुकानात माल भरलेला, आणि बिलिंगच्या संगणकात जुने दर. महाराष्ट्रातील असंख्य दुकानांत त्या दिवसांत घरातील तरुण मुलामुलींनी बसून शेकडो वस्तूंचे दर बदलले, कोणता नग कोणत्या गटात जातो हे ठरवले आणि जुन्या लेबलांवर काय करावयाचे याची तजवीज केली. कोणत्याही कंपनीच्या लेखा विभागाला अशाच प्रसंगी उपयोगी पडणारा माणूस हवा असतो. पण ही हकिकत अर्जात येत नाही. का? तर 'ते घरचेच काम होते' म्हणून. घरच्या कामाला अनुभव म्हणण्याचा संकोच हा संस्कार असेल, पण तो येथे अस्थानी आहे.

हे लिहिताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, पद फुगवू नये. वडिलांच्या दुकानात स्वतःला 'जनरल मॅनेजर' म्हणवणारे अर्ज भरती अधिकाऱ्याने ढिगाने पाहिलेले असतात, आणि वडिलांच्या सहीच्या अनुभवपत्रावर तो किती विश्वास ठेवणार हे सांगावयास नको. 'कौटुंबिक वस्त्र दुकानात २०२१ पासून शिक्षण सांभाळून अर्धवेळ काम' असे साधे लिहावे, आणि खाली काम आकड्यांसह मांडावे: किती वस्तूंचा साठा, महिन्याला साधारण किती बिले, कोणते सॉफ्टवेअर, वर्षातून कितीदा मालाची मोजणी. आकडा तपासता येतो, म्हणून तो विश्वसनीय वाटतो. दुसरे पथ्य असे की, जेथे काम केले नाही तेथील अनुभव कदापि लिहू नये. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला कायम खाते क्रमांक मिळाला, त्यामुळे कोणी कोठे केव्हा नोकरी केली याची नोंद एका जागी राहते आणि कंपन्या ती उमेदवाराकडून मागवून पाहतात. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला हा कायदा सहसा लागू होत नाही. त्यामुळे घरच्या दुकानाची नोंद तेथे नसली तर अधिकाऱ्याला नवल वाटत नाही. नवल वाटते ते मोठ्या कंपनीचे नाव लिहिलेले आहे आणि नोंद नाही, याचे.

नोकरीची बातमी कोठून मिळते, याकडे आता वळू. 'नौकरी डॉट कॉम' हे संकेतस्थळ १९९७ साली सुरू झाले, 'लिंक्डइन' २००३ मध्ये, आणि केंद्र शासनाची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' २०१५ मध्ये. या तिन्ही ठिकाणी नाव नोंदवावे, ते विनामूल्य होते. पण तेथे नाव नोंदवून वाट पाहत बसणे म्हणजे दुकानाचे शटर अर्धे उघडून आत झोपण्यासारखे आहे. समाजातील रीत दुसरी आहे. मामांनी, आत्याच्या यजमानांनी, संघाच्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थांनी कोठेतरी 'शब्द टाकायचा', की काम झाले. शब्दाला किंमत आहे, हे खरेच. परंतु या रीतीची मर्यादा अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवून दिली. बोस्टनजवळील न्यूटन या गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारले, की ज्याने ही बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एखादे वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. मामांना जे ठाऊक असते ते बहुतेक वडिलांनाही ठाऊकच असते; दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याजवळची बातमी नवी असते. लिंक्डइनवरील दोन कोटी माणसांच्या व्यवहारावरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही हेच सांगितले, फक्त थोडी भर घातली: अगदीच अनोळखी नव्हे आणि अगदी घरचाही नव्हे, अशी मधली ओळख सर्वांत उपयोगी.

अशा मधल्या ओळखी व्यापारी घराइतक्या कोणाच्या घरात असतात? मिलचा प्रतिनिधी, ट्रान्सपोर्टचा व्यवस्थापक, कॅश क्रेडिट खाते पाहणारे बँकेतील साहेब, चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात आर्टिकलशिप करून पुढे कंपनीत गेलेला मुलगा, संगणकाचे सॉफ्टवेअर बसवून देणारा. दुकानावर चहा पिऊन जाणाऱ्या या मंडळींना मुलगा शिकून मोकळा झाला आहे हे कित्येकदा माहीतच नसते, कारण ते सांगण्यात वडिलांना कमीपणा वाटतो. मात्र विचारण्याची पद्धत महत्त्वाची. "माझ्या मुलाला कोठेतरी चिकटवून द्या" असे म्हटले की समोरचा माणूस अवघडतो आणि 'बघू' म्हणून निघून जातो. मुलाने स्वतः विचारावे: "काका, तुमच्या कंपनीत माल पाठवण्याचे काम कसे चालते, हे समजून घ्यायचे आहे. पंधरा मिनिटे द्याल का?" याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. काम समजते, तेथील शब्द कळतात, जागा केव्हा निघणार याची चाहूल लागते, आणि जागा निघाली की त्या माणसाला पहिल्याने हाच मुलगा आठवतो. ओळखीने अर्ज ढिगाच्या वर येतो. त्यापुढचे काम उमेदवाराचे.

खासगी कन्सल्टंटविषयी एक गोष्ट कापडबाजाराच्या भाषेत सांगता येईल. दलाली कोण देतो, यावरून दलाल कोणाचा हे कळते. भरती करून देणाऱ्या संस्थेला मोबदला कंपनी देते. बहुधा तो वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराइतका असतो. तेव्हा कन्सल्टंट गोड बोलला तरी तो कंपनीचा माणूस आहे, हे ध्यानात ठेवून वागावे. आणि जो उमेदवाराकडूनच नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, गणवेश या नावाखाली पैसे मागतो, तो बहुतेक वेळा फसवणारा निघतो. परदेशातील नोकरीबाबत तर फार जपावे. आयटीतील नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेले जाते आणि डांबून सायबर गुन्हे करवून घेतले जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाला २०२२ साली द्यावा लागला. परदेशी पाठवणारा एजंट शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे की नाही हे आधी पाहावे. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

आता प्रत्यक्ष मुलाखत. मुलाखती पुष्कळ प्रकारच्या असतात. त्यांतील काही केवळ गप्पांसारख्या असतात आणि त्यांतून फारसे काही कळत नाही. मात्र सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न ठरावीक क्रमाने विचारून गुण देण्याची जी पद्धत आहे, ती माणूस पुढे काम कसे करील याचा सर्वांत चांगला अंदाज देते, असे पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाची फेरमांडणी करून २०२२ मध्ये दाखवले. चांगल्या कंपन्या हीच पद्धत वापरू पाहतात. म्हणून प्रश्न येतात ते असे: "अडचणीच्या प्रसंगी तुम्ही काय केलेत, एक प्रसंग सांगा." याला "मी खूप मेहनती आहे, प्रामाणिक आहे" हे उत्तर होऊ शकत नाही. प्रसंग काय होता, त्यात आपल्यावर काय जबाबदारी होती, आपण काय केले आणि शेवटी काय झाले, या क्रमाने दीड-दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. असे सहा-सात खरे प्रसंग आधी कागदावर लिहून, मोठ्याने बोलून पाहिलेले असावेत. पाठ मात्र करू नयेत. पाठ केलेले बोलणे समोरच्याला दुसऱ्याच वाक्याला ओळखू येते.

येथे एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलांची एक विशेष अडचण होते. त्यांच्या तोंडी 'मी' हा शब्दच येत नाही. "आम्ही पार्टीला माल परत केला", "आमच्याकडे असे करतात", "पप्पांनी सांगितले म्हणून दर बदलले". घरात ही भाषा शोभून दिसते. त्यात नम्रता आहे, वडिलांचा मान आहे. पण समोरचा अधिकारी विचारात पडतो, की या सगळ्यात या मुलाने नेमके काय केले? मग तो पुन्हा विचारतो, "तुम्ही स्वतः काय केलेत?" आणि मुलगा पुन्हा म्हणतो, "आम्ही..." अशा रीतीने चांगला मुलगा हातचा जातो. 'मी' म्हणणे हा अहंकार नव्हे. "दर बदलण्याचा निर्णय वडिलांचा होता, कोणत्या वस्तूला कोणता दर लागतो ती यादी मी केली, त्यात माझ्या दोन चुका वडिलांनी काढल्या आणि मी त्या दुरुस्त केल्या." या उत्तरात वडिलांचा मानही राहिला आणि मुलाचे कामही स्पष्ट झाले. शिवाय चूक मान्य करणारा माणूस हिशेबाच्या कामाला अधिक भरवशाचा वाटतो, हे कोणत्याही मुनिमाला विचारावे.

आणि मग तो प्रश्न येतो, जो व्यापारी घरातील प्रत्येक मुलाला कधी ना कधी विचारला जातोच: "घरचे दुकान असताना नोकरी कशाला?"

वरवर साधा दिसणारा हा प्रश्न फार खोल आहे. अधिकाऱ्याला चौकशी करावयाची नसते. त्याला भय असते, की हा वर्ष-दीड वर्ष काम शिकेल आणि वडिलांना जरा बरे नाहीसे झाले की निघून जाईल. या भयाला आधार आहे, कारण असे होतेही. मुले येथे अडखळतात, आणि त्याचे कारण त्यांची तयारी कमी असते हे नाही. या प्रश्नाचे उत्तर घरातच ठरलेले नसते. वडील मनात धरून असतात की दोन वर्षे बाहेरचे जग पाहील आणि गादीवर येऊन बसेल. मुलगा मनात धरून असतो की आता परत यावयाचे नाही. दोघेही हे एकमेकांना बोलत नाहीत. वडील विषय काढत नाहीत, कारण नकार ऐकावा लागेल. मुलगा काढत नाही, कारण वडिलांच्या जिवाला लागेल. घरात जे दोन वर्षांत बोलले गेले नाही, ते त्याला एका परक्या माणसासमोर अर्ध्या मिनिटात सांगावे लागते. मग तो काहीतरी गुळमुळीत बोलतो आणि समोरच्याचा संशय पक्का होतो.

म्हणून मुलाखतीची पहिली तयारी दुकान वाढवल्यावर, जेवणे आटोपल्यावर, पितापुत्रांनी समोरासमोर बसून करावी. दुकान पुढे कोण पाहणार, धाकट्याची इच्छा काय, गाळा भाड्याने द्यावयाचा काय, आईचे म्हणणे काय, हे मोकळेपणाने बोलले जावे. वडिलांना दुःख होईल, ते होऊ द्यावे. ज्या दुकानाचे फळीपासून काचेच्या दारापर्यंत सर्व काही त्यांनी उभे केले, ते दुकान मुलाला नको आहे हे ऐकणे सोपे नाही. पण एकदा ते बोलून झाले, की मुलाला खरे उत्तर देता येते: "दुकान माझे काका आणि चुलत भाऊ पाहणार आहेत. घरात तसे ठरले आहे. मला हिशेबाच्या कामाची आवड दुकानातच लागली, पण एका दुकानात ते काम जेवढे असते तेवढे मी शिकलो आहे." असे शांतपणे सांगणाऱ्या मुलाकडे अधिकारी निराळ्या नजरेने पाहतो. आणि जर घरात खरोखर तीन वर्षांनी परत यावयाचे ठरले असेल, तर 'आजन्म येथेच राहीन' असे सांगू नये. "पुढील तीन वर्षे मी पूर्णपणे येथे देऊ शकतो" हेही उत्तर आहे, आणि आजच्या काळात पुष्कळ कंपन्यांना ते पुरते.

मुलींना याच जागी वेगळा प्रश्न येतो, लग्नाचा. तो विचारणे योग्य नव्हे, पण विचारला जातो. रागावून उठण्याची गरज नाही, घरचा पाढा वाचण्याचीही नाही. "कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला मान्य आहेत" एवढे सांगून पुढील प्रश्नाची वाट पाहावी. मुलीसोबत वडील किंवा भाऊ परगावी जातात ते काळजीपोटी. पण त्यांनी कंपनीच्या स्वागतकक्षात बसून राहू नये, चहाच्या टपरीवर थांबावे. भरती अधिकाऱ्याला वडिलांनी फोन करून निकाल विचारणे हे तर मुलगा असो वा मुलगी, दोघांचेही नुकसान करणारे आहे.

आहार, चौविहार, पर्युषणातील रजा याबाबतही काहींच्या मनात शंका असते. हा विषय पहिल्या भेटीत काढू नये, आणि रुजू झाल्यावर अचानकही काढू नये. निवड झाल्याचे कळल्यावर, होकार देण्यापूर्वी, पाळीच्या वेळा आणि रजेचे नियम सरळ विचारून घ्यावेत. रात्रपाळीत बदल होणार नसेल तर ते आधी कळलेले बरे.

इंग्रजीची धास्ती मनातून काढून टाकावी. लहान वाक्यांत, सावकाश, शुद्ध बोलता आले तरी पुरते. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. अलीकडे पहिली फेरी बहुधा व्हिडिओवर होते. त्यासाठी उजेड तोंडावर असावा, मोबाइल हातात न धरता टेकवलेला असावा, आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून मुलाखत देऊ नये, कारण खालून मीटरने कापड फाडल्याचा आवाज पलीकडे स्पष्ट ऐकू जातो.

पगाराच्या बोलणीत व्यापारी घरातील मुले दोन टोकांना जातात. काही जण संकोचाने "तुम्ही द्याल ते" म्हणतात, तर काही जण गिऱ्हाइकासारखी घासाघीस करतात. ही बाजारातील बोली नव्हे. त्या शहरात त्या कामाला काय मिळते याची चौकशी करून एक आकडा सकारण सांगावा आणि थांबावे. 'सीटीसी' म्हणून सांगितलेली रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा भाग आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही त्या मोठ्या आकड्यात मोजलेली असते, शिवाय कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा भाग पगारातून कापला जातो. "सर्व कपाती जाऊन दरमहा हाती किती?" असे विचारण्यात काही गैर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. तोंडी आश्वासनावर गावची उधारी चालते, परगावची नोकरी धरू नये. पत्र हाती आल्यावर सूचनाकाल किती, बाँड आहे काय, हे वाचून मगच सही करावी. मूळ गुणपत्रके कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. पाहून परत द्यावीत, एवढाच त्यांचा अधिकार.

एवढे सर्व करूनही पुष्कळ ठिकाणांहून उत्तरच येत नाही. हा अपमान समजून मुले खचतात, आणि घरातील "काय झाले त्या कंपनीचे?" या रोजच्या प्रश्नाने अधिकच खचतात. घरच्यांनी हा प्रश्न आठवड्यातून एकदाच विचारावा. उत्तर न येण्याचे कारण कित्येकदा उमेदवारात नसतेच. जागाच रद्द झालेली असते, किंवा आतल्याच माणसाला बढती दिलेली असते. उमेदवाराने मात्र हिशेब ठेवावा. त्यासाठी उधारीच्या वहीसारखी एक वही घालावी. डाव्या बाजूला तारीख, कंपनीचे नाव, कोणते काम, कोणाच्या ओळखीने, कोणता बायोडाटा पाठवला; उजव्या बाजूला कोणाशी बोलणे झाले, कोणता प्रश्न अडला, आणि पुढची तारीख. मुलाखतीहून परतताना एस.टी.त बसल्या बसल्याच अडलेला प्रश्न लिहून काढावा, घरी पोहोचेपर्यंत तो विसरतो. दहा दिवसांनी एकदा नम्रपणे विचारणा करावी, आणखी दहा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर त्या नावापुढे रेघ मारून पुढील नावाकडे वळावे. महिनाअखेर ही वही वडिलांसमोर ठेवण्यासही हरकत नाही. अशी वही कशी वाचावयाची, हे त्यांना चांगले ठाऊक असते.